डावीकडून चौथं

दारव्ह्याच्या बाजारओळीत, बियाण्यांच्या दुकानाला लागून
माझी साडेतीन फुटांची टपरी. घड्याळं आता कोण दुरुस्त करतं?
सेल बदलून देतो, चष्म्याचे स्क्रू बसवतो,
आणि दुपारी रस्ता तापून ओस पडला
की गल्ल्याखालची पत्र्याची पेटी उघडतो.

पेटीत सात नाणी. चांदीची, अमेरिकेची,
अर्ध्या डॉलरची, दोनशे वर्षांपूर्वीची.
मिशन दवाखान्याच्या लिलावात मेहुण्याने लोखंडी खाटा घेतल्या,
मी बोरिक पावडरीचा डबा घेतला,
कारण तो वाजत होता.

सगळी सारखीच तर आहेत, बायको म्हणाली.
वर्षभर मीही तेच म्हणत होतो.
मग एका रात्री लाइन गेलेली,
बालकमानी शोधायचं भिंग डोळ्यालाच राहिलेलं,
आणि मेणबत्तीत दिसलं:
सालातल्या दोनाच्या पोटात एक उभा आहे.
अकराचा ठसा वाया जाऊ नये म्हणून
कुणीतरी त्याच्यावरच बाराचा दोन ठोकला.
पोलाद महाग असेल. किंवा साहेब जेवायला गेला असेल.
मला तो माणूस एकदम ओळखीचा वाटला.

तेव्हापासून फरक पाहायची खोड लागली.
तेरा तारे, एकेक हाताने ठोकलेला,
त्यातला एखादा बाईच्या टोपीला खेटून,
एखादा कळपातून निघालेल्या गोऱ्ह्यासारखा भलतीकडे.
आणि ठशाला तडा गेला की तो नाण्यावर उलटा येतो,
तिकडे खाच, इकडे वर उठलेली रेघ,
बोटाला लागेल अशी, दोन वावरांमधल्या धुऱ्यासारखी.

वहीत अठ्ठावीस प्रकार लिहिलेत, पेन्सिलने.
माझ्याकडे पाच. बाकीचे फोटोतले.
चौदाव्यावर बोट ठेवून किती दुपारी गेल्या:
टोपीच्या शेंड्यापासून चौथ्या ताऱ्यापर्यंत रेघ.

होळीला आठ दिवस होते. तांड्यावरून सोमलीबाई आडे आली,
हमेलीचा आकडा तुटलेला घेऊन.
सोनाराकडे ती जात नाही. तो आधी वजन पाहते, म्हणते.
राणीछाप रुपये, राजाछाप रुपये, प्रत्येकाला नाका जोडलेला,
आणि डावीकडून चौथं…
चहावाल्या पोराने दोनदा हाक मारली म्हणे.
मी टोपीचा शेंडा पाहत होतो. मग रेघ. मग तारा.

"ही गोरी याडी," सोमलीबाई म्हणाली,
"माह्या सासूच्या सासूची. कोठून आली कोणाले ठाव."
मी किंमत सांगितली. मग दुप्पट.
मग मेहुण्याकडे हात पसरावा लागेल इतकी.
"तुह्याजवळ सात हायेत ना अशाच?"
"आहेत. पण ही नाही."
"मंग फरक काय?"

भिंग तिच्या डोळ्याला धरलं. तिला वेळ लागला.
"रेघ हाय."
मी सांगितलं, ठसा चिरला होता. चिरलेल्यावरच
आणखी थोडी नाणी पाडली, मग तो तुटलाच. म्हणून कमी.
ती हमेल हातात तोलत राहिली.
"चिरलं ते तिकडं रायलं," म्हणाली,
"इथं तं वर आलेलं हाय."
मग आकड्याचे किती विचारलं. मी तीस म्हटलं.
"वीस घे. तुहं स्टूल हालते, पडता पडता वाचली मी."

रात्री स्टुलाला पाचर मारली.
मग चौदाव्या प्रकारासमोर लिहिलं, पहिल्यांदाच शाईने:
ठिकाण: सोमलीबाई आडे यांचा गळा, डावीकडून चौथं.
अवस्था: झिजलेलं, वर नाका, केस पुसट, रेघ ठसठशीत.
किंमत या रकान्याशी बराच वेळ पेन अडलं.
वीस रुपये, लिहिलं.
आकड्याचे.